खोटा डाग

एखादी वस्तू महिनोन्‌महिने खपून निर्दोष करावी आणि ती पूर्ण होताच आपल्याच हातांनी मळवावी, असा उद्योग शहाणा माणूस सहसा करणार नाही. विमानांच्या लहान प्रतिकृती जुळवणारे छंदिष्ट मात्र नेमके हेच करतात. सांधे घासून गुळगुळीत करायचे, रंगाचा एकही ओघळ राहू द्यायचा नाही, बोटाचा ठसा उमटला तर तो भाग पुन्हा रंगवायचा; आणि सगळे मनासारखे झाले की तेलाचे डाग, धुराची काजळी, चिखलाचे शिंतोडे व रंगाचे उडालेले टवके बारीक कुंचल्याने एकेक करून त्यावर चढवायचे. या क्रियेला ते 'वेदरिंग' म्हणतात. ऊन, पाऊस, वारा आणि माणसाचा वापर यांनी वस्तूवर ज्या खुणा उमटायला महिने आणि वर्षे लागतात, त्या येथे दोन संध्याकाळींत उमटवल्या जातात. वरवर पाहता हा निरुपद्रवी छंद आहे. तथापि अशी एक प्रतिकृती पूर्ण होताना मी जवळून पाहिली आणि एका जुन्या नैतिक प्रश्नाने मला नव्याने गाठले. जे घडलेच नाही त्याची खूण उमटवणे हे असत्य आहे काय? आणि असल्यास, त्यात नुकसान कोणाचे होते?

आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध गृहस्थांनी ही प्रतिकृती केली. मुंबईत विमानांच्या देखभालीच्या कामात त्यांनी तीस-बत्तीस वर्षे काढली आणि आता निवृत्तीनंतर ते मोठ्या विमानांऐवजी लहान विमाने जुळवत बसतात. त्यांच्या पत्नी अंथरुणाला खिळलेल्या आहेत. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी त्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला जातो. प्रार्थना आटोपली की चहा होईपर्यंत पाच-दहा मिनिटे त्या गृहस्थांच्या टेबलापाशी बसायचे, असा माझा प्रघात पडून गेला आहे. त्यामुळे हे विमान मी महिन्या-महिन्याच्या अंतराने वाढताना पाहिले. एखादे मूल पाहावे तसे.

त्यांनी निवडलेले विमान काल्पनिक नव्हते. ते होते ब्रिटनचे स्पिटफायर, क्रमांक पी ७३५०. बर्मिंगहॅमजवळच्या कॅसल ब्रॉमिच येथील कारखान्यातून ते १९४०च्या ऑगस्टमध्ये बाहेर पडले, सप्टेंबरात लढाऊ तुकडीत दाखल झाले, आणि २५ ऑक्टोबर १९४० रोजी जर्मन विमानाच्या माऱ्यात सापडले. त्या दिवशी ते ६०३ क्रमांकाच्या तुकडीतील लुडविक मार्टेल हा पोलिश वैमानिक चालवत होता. डाव्या पंखाला भोक पडले, वैमानिक स्वतः जखमी झाला, आणि तशाही अवस्थेत त्याने विमान हेस्टिंग्जजवळच्या एका शेतात उतरवले. माणूस वाचला आणि विमानही दुरुस्त झाले. युद्ध संपल्यावर १९४८ साली ते अवघ्या दहा पौंडांना भंगारात विकले गेले; परंतु ज्या व्यापाऱ्याने ते घेतले त्याने त्याचे मोल ओळखून ते हवाई दलाला परत केले. पुढे १९६०च्या दशकाच्या अखेरीस एका चित्रपटासाठी त्याला पुन्हा उडण्याजोगे करण्यात आले आणि तेव्हापासून ते ब्रिटिश हवाई दलाच्या स्मारक पथकात जतन केलेले आहे. आमचे गृहस्थ मुलाकडे इंग्लंडला गेले असता लिंकनशायरमधील कोनिंग्जबी येथील तळावर त्यांनी ते प्रत्यक्ष पाहिले होते. येताना बहात्तराव्या हिश्शाच्या मापाचा संच घेऊन आले.

बहात्तरावा हिस्सा म्हणजे काय, याची कल्पना वाचकांना द्यायला हवी. मूळ विमानाचा पंखविस्तार अकरा मीटरहून थोडा अधिक. प्रतिकृतीत तो साधारण साडेपंधरा सेंटिमीटर होतो. सहा फूट उंचीचा माणूस येथे बरोबर एक इंचाचा. या मापात शेवटचे बारकावे हाताने करावे लागतात, कारण ते साच्यातून येत नाहीत. शेपटीच्या टोकापासून धडापर्यंत जाणारी तार करण्यासाठी त्यांनी संचातल्या उरलेल्या प्लास्टिकच्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीवर धरला, तो मऊ होताच दोन्ही हातांनी हळूच ओढला, आणि केसासारखा बारीक धागा तयार झाला. पंखांच्या टोकांशी डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा असा दिव्यांचा एकेक थेंब ठेवला. मग सगळ्या विमानावर चकचकीत व्हार्निशचा हात दिला, कारण गुळगुळीत पृष्ठभागावरच पाण्यात भिजवलेली बोधचिन्हे व अक्षरे नीट बसतात. त्यानंतर टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ केलेला काळपट तपकिरी तैलरंग पत्र्यांच्या सांध्यांत सोडला आणि उरलेला रंग काडीला गुंडाळलेल्या कापसाने पुसला. पुसण्याची दिशा नेहमी पुढून मागे, कारण वारा पुढून मागे वाहतो. अखेरीस चमक मारणारे व्हार्निश, खडूची बारीक पूड, चंदेरी पेन्सिल. एवढ्याच सामग्रीवर विमान म्हातारे होते.

या सामग्रीकडे पाहत असताना मला सेमिनरीतले तत्त्वज्ञानाचे वर्ग आठवले. सत्य आणि असत्य यांचा विचार करताना संत ऑगस्टीन आपल्या 'सोलिलोक्विया' या ग्रंथात एक चमत्कारिक उदाहरण घेतात. हा ग्रंथ त्यांनी बाप्तिस्मा घेण्यापूर्वीच्या काळात, ३८६-८७च्या सुमारास लिहिला. रोस्कियस हा रोमचा प्रसिद्ध नट. रंगमंचावर तो जर खोटा हेक्टर झाला नसता, तर तो खरा नट झाला असता काय? चित्रातला घोडा खोटा घोडा नसेल, तर ते चित्र खरे चित्र तरी कसे ठरेल? काही वस्तू एका अर्थाने खोट्या असतात म्हणूनच दुसऱ्या अर्थाने खऱ्या असतात, असा त्यांचा निष्कर्ष. त्याच ठिकाणी ते फसवू इच्छिणारा आणि केवळ रंजनासाठी अवास्तव बोलणारा यांच्यात भेद करतात. पुढे संत थॉमस अक्वायनस यांनी असत्याचे तीन प्रकार सांगितले: मौजेचे, उपयोगाचे आणि अपाय करणारे. तिन्ही सदोषच, परंतु तिसऱ्याचा दोष सर्वांत जड.

या मोजपट्टीने पाहिले तर आमच्या गृहस्थांचा व्यवहार सरळ सुटतो. टेबलावरचे साडेपंधरा सेंटिमीटरचे विमान खरोखर उडाले होते, असे कोणी समजणार नाही आणि समजावे असा त्यांचा हेतूही नाही. ती खरी प्रतिकृती आहे, कारण ते खोटे विमान आहे. मग त्यावरचा तेलाचा डागही खरी प्रतिकृती मानावा आणि प्रश्न येथेच मिटवावा. मीही तसाच मिटवला होता. परंतु प्रश्न मिटला नव्हता, हे मला पुढच्या भेटींत हळूहळू समजले.

पहिली अडचण डोळ्यांची आहे. प्लेटोने 'सोफिस्ट' या संवादात अनुकरणाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एकात मूळ वस्तूची प्रमाणे जशीच्या तशी ठेवली जातात. दुसऱ्यात पाहणाऱ्याच्या डोळ्यांना ती बरोबर वाटावीत म्हणून मुद्दाम बदलली जातात. प्रचंड पुतळे घडवणारे शिल्पकार खालून पाहणाऱ्यासाठी वरचे भाग मोठे करत, ते यापैकीच. प्लेटोला दुसरा प्रकार संशयास्पद वाटे. लहान प्रतिकृती करणाऱ्याला हीच अडचण उलट दिशेने येते. मूळ विमानावरची हाताच्या नखाएवढी खरवड या मापात दिसणारच नाही. आणि दिसावी म्हणून एक मिलिमीटरचा टवका काढला, तर तो मूळ मापात सात सेंटिमीटरांहून मोठा होतो. अशी वीस-पंचवीस खरवडी काढल्या की विमान लढून आलेले न वाटता भंगारात पडून राहिलेले वाटते. पत्र्यांचे सांधे प्रत्यक्षात काही पावलांवरून नजरेस पडत नाहीत, पण प्रतिकृतीत ते काळ्या रेघांनी अधोरेखित होतात. कारण प्रदर्शनातला परीक्षक आणि कपाटासमोरचा पाहुणा यांना ते आवडतात. १९७०च्या दशकापासून अमेरिकेचे शेपर्ड पेन, बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांच्यासारख्या निपुण कलावंतांनी या तंत्राला मोठी उंची दिली. त्यांचे अनुकरण करणाऱ्या अनेकांच्या हाती मात्र तंत्र उरले आणि निरीक्षण सुटले. डोळ्याला सुखवण्यासाठी सत्याला किती ताणावे, याची मर्यादा कोणत्याही पुस्तकात मिलिमीटरांत दिलेली नाही.

दुसरी अडचण कारणाची आहे आणि ती अधिक महत्त्वाची. प्रत्येक डागाला कारण असते. स्पिटफायरच्या वैमानिकाच्या बैठकीचे लहान दार डाव्या बाजूला. साहजिकच पंख जेथे धडाला मिळतो तेथे डावीकडचा रंग बुटांनी अधिक झिजतो. वैमानिक तेथूनच चढतो आणि त्याचे पट्टे आवळणारा मदतनीसही तेथेच उभा राहतो. हे ज्याला ठाऊक नाही तो दोन्ही बाजूंना सारखीच झीज दाखवतो. त्याची प्रतिकृती सुरेख दिसते, पण उजव्या बाजूने न चढलेल्या माणसाला ती चढायला लावते. सुकाणू आणि पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग १९४०च्या त्या विमानांत कापडाने मढवलेले होते. तेथे चंदेरी टवका काढला तर तो धातू आला कोठून? रंगाखाली ताग आहे, पत्रा नाही. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन धुराडी. त्यांच्या मागची काजळी काळीकुट्ट असायलाच हवी असे नाही, कारण इंधनात शिसे असे आणि त्याची राख करडी-भुरी पडते.

आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे काळ. लढाऊ तुकडीत दाखल झाल्यापासून हेस्टिंग्जच्या शेतात उतरेपर्यंत या विमानाचे लढाऊ आयुष्य जेमतेम सात आठवड्यांचे. त्या उन्हाळ्यात आणि शरदात अनेक विमानांना तेवढेही लाभले नाही. ज्या रंगाला उन्हाने विटायला वेळच मिळाला नाही तो विटलेला दाखवणे, म्हणजे त्या विमानाला आणि त्यातल्या तरुणाला न मिळालेले आयुष्य बहाल करण्यासारखे आहे. वरून पाहता ही दया वाटेल. वस्तुतः त्या लढाईतली अत्यंत कठोर गोष्ट तिने झाकली जाते: तेथे गोष्टी जुन्या होत नसत, नव्या असतानाच संपत.

तिसऱ्या भेटीत आमचे गृहस्थ पंखांच्या पुढच्या कडेवर अडले होते. स्पिटफायरच्या प्रत्येक पंखात चार याप्रमाणे आठ मशीनगन. धूळ, ओल आणि उंचीवरची थंडी आत शिरू नये म्हणून त्यांच्या तोंडांवर लाल कापडाचे चौकोनी तुकडे चिकटवत. वैमानिकाने पहिली फैर झाडली की ते फाटत आणि मग पंखाखाली धुराचे काळे पट्टे ओढले जात. परतणाऱ्या विमानाच्या उघड्या नळ्यांतून वारा शीळ घाली, तीवरून जमिनीवरच्या लोकांना कळे की आज गोळ्या झाडल्या गेल्या आहेत. प्रत्येक बंदुकीला तीनशे गोळ्या. सलग झाडल्या तर सगळा साठा सुमारे पंधरा सेकंदांत संपे. प्रतिकृती करणाऱ्यापुढे म्हणून एक साधा पर्याय उभा राहतो: लाल तुकडे शाबूत दाखवायचे की फाटलेले?

बहुतेकांना फाटलेले आवडतात. काळे पट्टे पंखाखाली छान दिसतात, विमान 'जिवंत' वाटते. पण थोडे थांबून पाहिले तर त्या पट्ट्याचा अर्थ काय? त्याचा अर्थ असा की काही मिनिटांपूर्वी या विमानाने कोणावर तरी गोळ्या झाडल्या. समोर दुसरे विमान होते आणि त्यात दोन हात, दोन डोळे आणि घरी वाट पाहणारे कोणीतरी असलेला माणूस होता. तेलाच्या डागाने इंजिनाची तक्रार सांगितली जाते. धुराच्या पट्ट्याने मरणाची शक्यता. मी येथे युद्धाच्या न्याय्यतेचा विचार करीत नाही. नाझी सत्तेविरुद्धच्या त्या लढाईत संरक्षणाची बाजू घेणाऱ्यांना मी दोष देणार नाही. माझे म्हणणे इतकेच की ज्या खुणेमागे एखाद्याचा अंत असू शकतो, ती खूण शोभेसाठी उमटवण्याची वस्तू नव्हे. उमटवायची तर जाणून उमटवावी. वैमानिकाच्या बैठकीखाली पाडलेल्या विमानांची मोजदाद दाखवणारी लहान चिन्हे संचात मिळतात, त्यांनाही हाच न्याय लागू आहे. पाण्यात भिजवून ती चिकटवायला अर्धे मिनिट लागते.

मी त्यांना विचारले, "मग तुम्ही काय ठरवलं?" ते लगेच बोलले नाहीत. कुंचला टर्पेंटाइनच्या बशीत धुऊन त्यांनी फडक्याला पुसला आणि म्हणाले, "फादर, तुम्ही बंदुकीचं म्हणता, ते बरोबर आहे. पण मला दुसरंच टोचतं. पुस्तकातली चित्रं बघून मी पंखाखाली तेलाचे ओघळ काढले. रात्री झोप येईना. माझ्या हाताखालून असं विमान कधी गेलं असतं का? जो फिटर ते रात्रभर पुसत बसला असेल, त्याच्या नावावर मी हे ओघळ लावले."

हे ऐकून मी गप्प झालो. मराठीत आपण 'डाग' हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. कपड्यावर डाग पडतो आणि चारित्र्यावरही डाग लागतो. पहिल्या अर्थाने ज्याला मी मौजेचे असत्य समजत होतो, ते दुसऱ्या अर्थाने एका माणसावरचा आळ होते. त्या काळच्या तुकड्यांत इंजिन पाहणारा फिटर, सांगाडा पाहणारा रिगर आणि बंदुका भरणारा आर्मरर ही माणसे रात्री-अपरात्री, उघड्या गवताळ मैदानांवर काम करीत. वेग थोडा तरी वाढावा म्हणून काही जण विमानाचा पृष्ठभाग घासून-पुसून गुळगुळीत करीत. त्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच येतात. विमान स्वच्छ होते, एवढीच त्यांची साक्ष. आणि आपण शोभेसाठी काढलेला ओघळ नेमकी तीच साक्ष पुसून टाकतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करणारी आठवी आज्ञा मी आजवर बोलण्या-लिहिण्यापुरतीच शिकवत आलो होतो. ती कुंचल्यालाही लागू पडते, हे मला एका निवृत्त कारागिराने शिकवले.

येथे मला स्वतःचा एक अपराध सांगितला पाहिजे, नाहीतर हा लेख दुसऱ्याच्या टेबलावरचा उपदेश ठरेल.

काही वर्षांपूर्वी धर्मग्रामातील एका प्रतिष्ठित गृहस्थांच्या अंत्यविधीची मिस्सा मी केली. ते चांगले शिकले होते, मोठ्या हुद्द्यावर होते आणि गोरगरिबांना सढळ हाताने मदत करीत. प्रवचनात मला त्यांचे मोठेपण उठावदार करायचे होते. मी म्हणालो की त्यांनी अपार दारिद्र्य सोसले, उपाशीपोटी शाळा गाठली, अनवाणी मैलोन्‌मैल चालले आणि त्यातून ते वर आले. हे मला कोणी सांगितले नव्हते. त्या पिढीतल्या पुष्कळांचे असेच झाले होते, म्हणून यांचेही झाले असणार असे मी गृहीत धरले. लोक हेलावले, पुष्कळांनी डोळे पुसले. प्रवचन चांगले झाले, असे मलाही वाटले.

दफनविधी झाल्यावर त्यांची थोरली बहीण माझ्याजवळ आली. वयाने ऐंशीच्या घरात, काठी टेकत आलेली. ती रागावलेली नव्हती. ती म्हणाली, "फादर, आमचा भाऊ एक दिवस उपाशी शाळेत गेला नाही. आमचे बाबा दिवसा वाडीत आणि रात्री गिरणीत जात होते, ते कशासाठी?"

मी तिची क्षमा मागितली. तिने "असू द्या" म्हणून माझा हात हातात घेतला. पण ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. मृताचा गौरव करताना मी त्याच्यावर भुकेचा एक खोटा डाग लावला होता, शोभून दिसावा म्हणून. त्या डागाखाली एक संपूर्ण माणूस नाहीसा झाला होता: रात्रपाळी करून मुलांच्या पोटाची काळजी वाहणारा बाप. मुलगा उपाशी राहिला नाही, हेच त्या बापाचे आयुष्यभराचे काम होते, आणि देवाच्या वेदीसमोर उभे राहून मी ते पुसले. माझा हेतू फसवण्याचा नव्हता. ऑगस्टीनच्या त्या भेदाचा आधार घेऊन मी स्वतःला सोडवूही शकलो असतो. तथापि ज्याच्यावर आळ येतो त्याला, तो कोणत्या हेतूने आला याने फारसा दिलासा मिळत नाही.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. आपण दुःखाच्या खुणांना फार चटकन मोठेपण देतो. ज्याच्या अंगावर जखमा दिसतात तो खरा, आणि जो नीटनेटका, शाबूत दिसतो तो सुखवस्तू, कोरडा, काही न सोसलेला, असा आपला हिशेब असतो. परंतु शाबूत वस्तूच्या मागे अनेकदा दुसऱ्या कोणाचे तरी हात झिजलेले असतात. स्वच्छ विमानामागे फिटर असतो, भरल्या पोटामागे बाप असतो. झीज दाखवणे सोपे. ज्यांनी ती होऊ दिली नाही त्यांना दाखवणे कठीण, कारण त्यांच्या कामाची खूण म्हणजे खुणेचा अभाव.

मग सगळ्या प्रतिकृती कोऱ्या करकरीत ठेवाव्यात काय? तसेही नाही. कोरेपणाही खोटी साक्ष देऊ शकतो. ऑक्टोबरातल्या ओल्या मैदानावरून रोज धावणाऱ्या विमानाच्या चाकांना चिखल लागणार नाही, हेही असत्यच. त्यात चिखलातून चालत जाऊन विमानाशी वाकणाऱ्या माणसांचे कष्ट नाहीसे होतात. म्हणून नियम 'डाग नको' असा नाही. डाग काढण्यापूर्वी तो कोणाचा, हे विचारावे. उत्तर मिळाले तर तेवढाच काढावा, न मिळाले तर हात आवरावा.

मूळ विमानाची हकीकत या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. स्मारक पथकातले पी ७३५० वेळोवेळी नव्या रंगात रंगवले जाते आणि त्यावर त्या लढाईतल्या निरनिराळ्या तुकड्यांच्या, निरनिराळ्या वैमानिकांच्या विमानांची अक्षरे घातली जातात. म्हणजे खरे विमानही दुसऱ्याचे नाव धारण करून उडते. यात कोणाला फसवले जात नाही. हे नाव कोणाचे आणि का घेतले, ते उघड सांगितले जाते. ज्यांची विमाने उरली नाहीत त्यांची आठवण त्यामुळे आकाशात राहते. ते उसने रूप येते आणि जाते. डाव्या पंखावर मात्र १९४० साली पडलेल्या भोकांवर बसवलेल्या पत्र्याच्या ठिगळांच्या खुणा अजून दिसतात. त्या काढून पंख नवा करता आला असता. तो केलेला नाही. त्या कोणी शोभेसाठी काढलेल्या नाहीत. एका जर्मन वैमानिकाने घाव घातला, एका पोलिश वैमानिकाने तो सोसून विमान जमिनीवर आणले, आणि दुरुस्तीशाळेतल्या कोणा कारागिराने तो बुजवला. एका हातभर जागेत तीन माणसांची साक्ष आहे आणि तिघांपैकी कोणाचीही खोटी नाही.

आमच्या गृहस्थांनी त्या ठिगळांनाच हात लावला होता, त्यांच्यासमोर दोरी नसती तर अजून थांबले असते, असे ते हसत सांगतात. प्रतिकृतीत मात्र त्यांनी ती दाखवली नाहीत. त्यांनी २५ ऑक्टोबरची सकाळ निवडली आहे, उड्डाणापूर्वीची. त्या क्षणी डावा पंख शाबूत होता.

पुढच्या पहिल्या शुक्रवारी गेलो तेव्हा विमान पूर्ण होऊन कपाटावर ठेवलेले होते. पंखाखालचे तेलाचे ओघळ त्यांनी टर्पेंटाइनने पुसून काढले होते. पंखांच्या पुढच्या कडेवर आठ लाल चौकोन होते, आठही शाबूत. धुराड्यांमागे भुरकट राखेचा हलका हात, चाकांना थोडा चिखल, आणि डावीकडे, पंख धडाला मिळतो तेथे, चंदेरी पेन्सिलीचे चार-पाच ठिपके. मी चष्मा लावून ते पाहिले. तिथे बुटांनी उभा राहून कोणीतरी एका परदेशी तरुणाचे पट्टे आवळणार होता.

"फार कमी दिसतंय," मी म्हणालो.

"त्या सकाळी तेवढंच असेल, फादर," ते म्हणाले.

आतल्या खोलीतून त्यांच्या पत्नीचा क्षीण आवाज आला. उघड्या कपाटावर ठेवलंत, धूळ नाही का बसणार त्याच्यावर, असे त्या विचारीत होत्या.

"बसली की पुसू," ते म्हणाले, आणि तिला पाणी द्यायला आत गेले.